कोडगा : अर्थ आणि वाक्यात उपयोग

दिगंबर पागनीसांना ज्या शब्दाने गोत्यात आणलं तो अवघा तीन अक्षरी होता, आणि त्यांनी तो अतिशय सुवाच्य लिहिला होता. अक्षर थोडं वाईट असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पागनीस कारखान्याच्या आरेखन विभागात हेड ड्राफ्ट्समन होते. बावीस वर्षं नकाशांवर अक्षरं काढून त्यांचा हात असा बसला होता की किराण्याची यादीसुद्धा शिलालेखासारखी दिसे.

भोपाळहून मंडीदीपकडे जाताना लागणाऱ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत ते राहत. तिथल्या मराठी मंडळाला एक खोली मिळालेली होती आणि खोलीबाहेर एक फळा होता. एकदा त्यांची अकरा वर्षांची अनुराधा शाळेतून येऊन म्हणाली, "बाबा, मी थकून गेली, मला परेशान नको करू." पागनीस मूळचे उज्जैनचे. हिंदीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं, पण या वाक्यातली मराठी शोधायला त्यांना भिंग लागलं असतं. त्याच आठवड्यात त्यांनी मंडळाच्या फळ्यावर 'आठवड्याचा शब्द' सुरू केला. दर सोमवारी एक मराठी शब्द, त्याचा अर्थ आणि वाक्यात उपयोग.

पहिले चार आठवडे कुणी तो वाचल्याचा पुरावा नाही. 'निवांत' या शब्दाखाली कुणीतरी दोन दिवस सायकल टेकवून ठेवली होती, एवढाच काय तो प्रतिसाद.

पाचव्या सोमवारी सकाळी पागनीसांच्या स्वयंपाकघरातली मोरी पुन्हा तुंबली. सात आठवडे हे चाललं होतं. देखभाल विभागाचे ओव्हरसियर चौरसिया यांना पागनीसांनी तीन लेखी अर्ज दिले होते. प्रत्येक अर्जानंतर चौरसिया येत, मागच्या अंगणातल्या चेंबरमध्ये हात पाठीमागे बांधून डोकावत, "देखते हैं, पागनीस साहब," म्हणत आणि निघून जात. इकडे शालिनीबाई भांड्यांचं पाणी बादलीत धरून मागे नेऊन ओतत. त्या सोमवारी त्यांनी चौथी बादली उचलली आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. पागनीस चहा अर्धा टाकून खडू घेऊन निघाले.

फळ्यावर त्यांनी लिहिलं : "कोडगा (विशेषण). अर्थ : ज्याला कितीही सांगा, रागवा, लाज काढा, मनाला काहीच लागत नाही असा; संवेदना नसलेला. वाक्यात उपयोग :" इथे ते थांबले. आधी त्यांनी 'कितीही हाका मारल्या तरी' असं लिहिलं. मग ते हाताने पुसलं आणि लिहिलं, "तीन अर्ज दिले तरी कोडगा माणूस ढिम्म हलला नाही." दोन पावलं मागे जाऊन अक्षर पाहिलं. सुरेख आलं होतं.

दुपारपर्यंत वसाहतीतल्या यच्चयावत मराठी माणसांनी फळा वाचला होता.

सर्वांत आधी शेजारचे सुधाकर बोरकुटे आले. बोरकुटे नागपूरचे, फाउंड्रीत कामाला, आणि सल्ला देण्यात हात सैल. "नाव काऊन नाही लिहिलं जी?" ते कुंपणावरून म्हणाले. "अर्धंच काम करून सोडता तुम्ही."

"कुणाचं नाव? तो सर्वसाधारण शब्द आहे."

"सर्वसाधारण कसा? तीन अर्ज कोणी दिले ते पुऱ्या कॉलनीले माहीत आहे. चौरसियाले बरोबर हाणलं तुम्ही. मी तर म्हणतो, खाली एक बाण काढा आन् त्याचं ऑफिस दाखवा."

पागनीसांनी बाण काढला नाही. पण त्यांना जरासं बरं वाटलं, हेही खरं.

संध्याकाळी मंडळाच्या महिला विभागाच्या मनोरमाबाई आल्या. त्यांचा जावई चार दिवसांसाठी आला होता त्याला आता दोन महिने होत आले होते. "भाऊसाहेब, आमच्या घरातली गोष्ट फळ्यावर मांडायला नको होती," त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. त्यांची समजूत घालेपर्यंत मंडळाचे चिटणीस विश्वनाथ करमरकर राजीनामा घेऊन दारात. कॅरमच्या नव्या सोंगट्यांसाठी सभासदांनी त्यांना तीन अर्ज दिले होते. पागनीसांनी त्यांनाही शपथेवर सांगितलं की तुम्ही कोडगे नाही. करमरकरांनी राजीनामा खिशात घातला, चहा घेतला आणि जाताना हळूच विचारलं, "मग कोण?" दोन दिवस हेच चाललं. आपल्याला शब्द लागू नाही हे कळल्यावर प्रत्येक जण सुटकेचा निःश्वास टाके आणि लगेच पुढचं गिऱ्हाईक कोण, याची चौकशी करी.

बुधवारी पागनीसांच्या टेबलावर प्रशासन विभागाचा लिफाफा आला. आत शुद्ध हिंदीत पत्र होतं. सार्वजनिक श्यामपटावर एका कर्मचाऱ्याविषयी अशोभनीय शब्द लिहिल्याबद्दल आपण तीन दिवसांत लेखी स्पष्टीकरण द्यावं. सोबत त्या शब्दाचा शब्दकोशातला अधिकृत अर्थ, हिंदी अनुवादासह, सत्यापित करून, तीन प्रतींत जोडावा. शनिवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावं. मध्येच 'व्याधि का उपहास' असे काही शब्द होते. ते पागनीसांना कळले नाहीत. टायपिस्टने 'उपाधि'च्या जागी 'व्याधि' टाईप केलं असावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

बावीस वर्षांत त्यांच्या नावावर साधा मेमो नव्हता. त्यांनी काढलेल्या नकाशांवरून टर्बाइनचे भाग बनत आणि ते फिरत. आणि आता त्यांना एका विशेषणाचा जाब विचारला जात होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तर भेंडीची भाजीसुद्धा आपल्याकडे संशयाने पाहते आहे असं त्यांना वाटलं.

मंडळाच्या कपाटात शब्दकोश होता, पण 'क'चा खंड गेल्या गणपतीत हार्मोनियमच्या एका पायाखाली लावला होता, तो परत आलाच नव्हता. तेव्हा गुरुवारी अर्धी रजा टाकून पागनीस स्कूटरवरून भोपाळातल्या शिवाजी नगरला मालतीबाई देवस्थळ्यांकडे गेले. मालतीबाई निवृत्त शिक्षिका. नवऱ्याचं ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं तेव्हा त्या संसाराच्या चार ट्रंका आणि कोशाचे सगळे खंड घेऊन आल्या होत्या. त्या कोश कुणाला घरी नेऊ देत नसत. त्यांनी पागनीसांना टेबलाशी बसवलं, पाणी दिलं आणि खंड समोर ठेवला.

"कुणाला म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही. सर्वसाधारण वाक्य होतं."

"पागनीस, मी तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. वाक्यात उपयोग कधीच सर्वसाधारण नसतो. 'आई' शब्द दिला की मुलगा आपल्याच आईबद्दल लिहितो, आणि 'खडूस' दिला की माझ्याबद्दल."

पागनीस खाली मान घालून उतरवून घेऊ लागले. मालतीबाई बोलत राहिल्या. "आणि एक लक्षात घ्या. निर्दय वेगळा, कोडगा वेगळा. निर्दय माणसाला दुसऱ्याचं काही वाटत नाही. कोडग्याला स्वतःला कुणी बोललं तरी त्याचंही काही वाटत नाही. म्हणून शिवी म्हणून हा शब्द फुकट जातो. ज्याला तो लागतो, त्याला तो लागू होत नाही."

पागनीसांनी हे वाक्यही कागदाच्या कडेला लिहून घेतलं. निघताना मालतीबाईंनी त्यांच्या हातावर दोन बेसनाचे लाडू ठेवले. त्या दिवसांत त्यांच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं, आणि स्कूटरला किक मारताना त्यांना त्या बाईंबद्दल एकदम भरून आलं.

तीन प्रती काढायच्या कशा, हा पुढचा पेच. पागनीसांना एकच पद्धत ठाऊक होती. त्यांनी कोशातली नोंद ट्रेसिंग कागदावर शाईने काढली आणि विभागातल्या नकाशे छापायच्या मशीनवर तिच्या तीन अमोनिया प्रिंट काढल्या. हाताच्या सवयीने उजव्या कोपऱ्यात नकाशाची चौकटही आखली गेली होती : विषय, कोडगा, काढणार, दि. पागनीस, तपासणार, दि. पागनीस. सत्यापनासाठी ते कार्यालय अधीक्षकांकडे गेले. अधीक्षकांनी प्रिंट उलटीसुलटी करून पाहिली. मला मराठी येत नाही, जे वाचता येत नाही ते खरं आहे असं मी कसं लिहू, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी शिक्का मारून लिहिलं, "प्रमाणित किया जाता है कि इस काग़ज़ पर मराठी में कुछ लिखा है।"

शुक्रवारी सकाळी ही गुंडाळी घेऊन पागनीस हिंदी विभागात निर्मला सक्सेना यांच्यापुढे बसले. सक्सेनाबाई अनुवादक होत्या, शांत आणि काटेकोर. अर्थ ऐकून त्यांनी 'ढीठ' लिहिलं, खोडलं, 'संवेदनहीन' लिहिलं. पलीकडच्या टेबलावरचे जुन्या भोपाळातले वयस्कर कारकून मान वर न करता म्हणाले, "बेहिस लिखिए, बीबी। जिसे एहसास न हो।" तो शब्द ऐकून पागनीसांना आनंद झाला. चपखल बसत होता.

सक्सेनाबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "तो इसका कोढ़ से कोई संबंध नहीं है?"

"कोढ़? म्हणजे महारोग... नहीं तो. बिलकुल नहीं."

"फ़ाइल में तो यही लिखा है। किसी ने बताया कि कोडगा माने कोढ़ी।" त्या जरा थांबल्या. "आपने चौरसिया जी के हाथ देखे हैं न?"

पागनीसांना हात दिसले. म्हणजे दिसले नव्हते, हे दिसलं. चेंबरवर वाकताना पाठीमागे बांधलेले हात, मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या. बाहीच्या कडेला कधीतरी दिसून गेलेले पांढरे चट्टे. ज्याला हिंदीत सफ़ेद दाग म्हणतात आणि मराठीत कोड. इतकी वर्षं शब्द घासूनपुसून मांडणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. आपल्या मनात ते नव्हतं, याचं त्यांना आधी हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

"त्यांनी तक्रार केली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"उन्होंने नहीं की। उनके दफ़्तर वालों ने की। वो तो बस चार दिन से कैंटीन नहीं आ रहे। अपना डिब्बा कमरे में अकेले खाते हैं।"

सक्सेनाबाईंनी अनुवाद तिथल्या तिथे पूर्ण करून दिला, आणि खाली आपणहून एक ओळ घातली की या शब्दाचा कोणत्याही रोगाशी संबंध नाही. पागनीसांना आभार मानायचे होते. ते नुसते दोनदा उठले आणि दोनदा बसले.

घरी येऊन त्यांनी शालिनीबाईंना सगळं सांगितलं. त्या बादली ठेवून ऐकत राहिल्या. "आज संध्याकाळीच जाऊन या," त्या म्हणाल्या. "आणि अहो, काय बोलायचं ते ठरवून जाऊ नका. ठरवून लिहिलंत तेव्हा हे झालं."

चौरसिया आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर बनियनवर बसून बाजेची नवार ताणत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते. पागनीसांना पाहून त्यांनी हात लपवले नाहीत, फक्त नवार ताणायचं थांबवलं. "बैठिए," ते म्हणाले.

पागनीसांनी गुंडाळी बाजेवर उलगडली. चौरसियांनी सवयीने आधी उजवा कोपरा पाहिला. "स्केल नहीं लिखा," ते म्हणाले.

"यह नक़्शा नहीं है, चौरसिया जी. शब्द का अर्थ है." पागनीसांनी कोशाची नोंद वाचली, सक्सेनाबाईंचा अनुवाद वाचला, शेवटची ओळ दोनदा वाचली. मग कागद गुंडाळला. इथपर्यंत सगळं सोपं होतं. "कोढ़ी नहीं लिखा था. लेकिन झूठ नहीं बोलूँगा. वो वाक्य आप ही के लिए था. पहले दूसरा लिखा था. वो मिटाकर यह लिखा."

आतून चौरसियांच्या पत्नी मीनाजी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मतलब मुझे पत्थर कहा है," चौरसिया म्हणाले.

"हाँ."

"वो तो चलेगा। ओवरसियर को सभी कहते हैं।" त्यांनी नवारीचं टोक बाजेच्या चौकटीला गुंडाळलं. मग आवाज खाली आला. मंडीदीपला त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्या लोकांना हातांचं पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं, त्यांची हरकत नव्हती. "पर बताना एक बात है, पागनीस साहब। अपने आप को बोर्ड पर पढ़ना दूसरी बात है।"

पागनीसांनी हात जोडले. चौरसियांनी ते जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले, आणि पागनीसांनी ते धरून ठेवले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

मीनाजींनी चहा आणला. चहाबरोबर आधी मालतीबाईंचं वाक्य निघालं, मग मोरीची हकीकत. पागनीसांच्या मोरीचा पाईप बोरकुट्यांच्या परसातून जात होता आणि बरोबर त्यावर बोरकुट्यांच्या वंदनाताईंचं लिंबाचं झाड होतं. मुळं पाईपात शिरली होती. वंदनाताईंची आई गेली त्या वर्षी त्यांनी ते रोप माहेरच्या अंगणातून, वर्ध्याहून, आणलं होतं. पहिल्या अर्जानंतर चौरसिया झाड काढायला माणसं घेऊन गेले, तर बोरकुटे रडकुंडीला आले. बायकोला कळू देऊ नका, पागनीसांनाही सांगू नका, काहीतरी दुसरी वाट काढा, म्हणून त्यांनी गळ घातली. तेव्हापासून चौरसिया झाडाला वळसा घालून नवी लाईन टाकायच्या मंजुरीमागे लागले होते. दर अर्जानंतर ते चेंबर पाहायला येत ते वळसा कुठून घालता येईल हे मोजायला.

"मंज़ूरी परसों आ गई है," ते म्हणाले. "सोमवार को खुदाई लगेगी।"

पागनीस चहाचा कप हातात धरून बसून राहिले. सात आठवडे ज्या माणसाला ते दगड समजत होते, तो एका झाडापायी अर्ज खात होता. आणि ज्याने बाण काढायचा सल्ला दिला होता, तो त्याच झाडाच्या सावलीत उभा राहून तो देत होता.

शनिवारी अकरा वाजता प्रशासन अधिकाऱ्यांनी फाईल उघडली. पागनीस घसा साफ करत होते तोच चौरसिया उठले. "साहब, मेरी कोई शिकायत नहीं है। शब्द मुझे लगा था। और जिसको लगे, उस पर ये लागू नहीं होता। इनकी एक मास्टरनी जी हैं, उनका कहना है।" अधिकाऱ्यांनी अमोनिया प्रिंट हातात धरून बराच वेळ पाहिली. ती कोणत्या मशीनची आहे असंही त्यांनी विचारलं. मग तिच्यावर 'देखा' असं लिहून त्यांनी फाईल बंद केली.

पागनीसांचं समाधान तेवढ्याने झालं नाही. त्याच दुपारी त्यांनी फळा धुतला आणि मराठीत व हिंदीत लिहिलं की मागच्या वाक्यातला माणूस कोडगा नव्हता, वाक्य चुकलं होतं, चूक लिहिणाऱ्याची आहे, आणि ओव्हरसियर चौरसिया यांची ते जाहीर माफी मागतात. खाली पूर्ण नाव, पदासकट. मग दोन दिवस संध्याकाळी ते फळ्याशेजारी उभे राहिले आणि वाचायला थांबणाऱ्या प्रत्येकाला कोड, कोढ़ आणि कोडगा यांतला फरक समजावून सांगत राहिले. लोक आधी हसत, मग ऐकत. सोमवारी चौरसिया कॅंटीनमध्ये जेवायला आले, तेव्हा त्यांच्या टेबलावर पागनीस आधीच जागा धरून बसले होते.

नवी लाईन पंधरा दिवसांत पूर्ण झाली. पाणी खळखळत गेलं तेव्हा शालिनीबाई मोरीपाशी उभ्या राहून ते बघत राहिल्या. "त्यांना दोघांना जेवायला बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि बोरकुट्यांनाही. सगळ्यांच्या समोर सांगू दे त्यांना."

रविवारी पुरणपोळ्या होत्या. बोरकुट्यांनी दुसऱ्या घासालाच सगळं कबूल केलं. "भ्यालो होतो जी," ते पानात बघत म्हणाले. "हिची आई एकच झाड ठेवून गेली." वंदनाताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी शालिनीबाईंच्या हातातलं तुपाचं भांडं घेतलं आणि चौरसियांच्या पोळीवर एवढं तूप ओतलं की ते ताटाबाहेर आलं.

पागनीसांना त्या दुपारी काय करू आणि काय नको असं झालं होतं. आपल्याकडून एवढं होऊनही ही माणसं आपल्या घरी, आपल्या पाटावर बसून जेवताहेत, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. आभार कसे मानायचे ते काही सुचेना, म्हणून ते चौरसियांना वाढत सुटले. चौरसियांनी नको म्हटलं, यांनी पोळी वाढली. चौरसियांनी ताटावर हात आडवा धरला, यांनी बोटांच्या फटीतून अर्धी सरकवली. चौरसिया पोटावर हात ठेवून मागे सरले, शालिनीबाईंनी डोळे वटारले, तरी पागनीस हातात आणखी एक पोळी घेऊन उभेच.

मीनाजींनी हे सगळं पाहिलं आणि शालिनीबाईंकडे वळून अगदी जपून, एकेक अक्षर उच्चारत विचारलं, "भाभीजी, वो आपका मराठी शब्द... कितना भी मना करो, जिस पर असर न हो... भाईसाहब को कह सकते हैं क्या?"

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आधी चौरसिया हसले, आणि पाठोपाठ सगळी पंगत हसू लागली. पागनीस पोळी हातात धरून विचारात पडले होते. त्यांनी वाक्य मनात एकदा तपासून पाहिलं.

"कह सकते हैं," ते म्हणाले. "बिलकुल सही जगह है." आणि ती पोळी त्यांनी चौरसियांच्या ताटात वाढली.